गांजाची मोकळीक आणि आपले तरुण

रविवारीं दुपारीं मंडळींतील तरुण झाडाखालीं बसले असतां आमच्या कित्येक उपदेशकांस हल्लीं एक नवाच प्रश्न ऐकावा लागतो. कोणी म्हणतो, "कॅनडा देशांत गांजा दुकानांत उघड विकत मिळतो. तेथील लोक आपल्याहून अधिक शिकलेले आहेत ना? मग आमच्याच गांवांत तो वाईट कां ठरावा?" दुसरा हातांतला मोबाइल पुढें करून दाखवितो, व म्हणतो, "हें पाहा, साऱ्या जगानें गांजास परवानगी दिली. वडील माणसें उगीच भय घालितात."

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलास दटावून गप्प बसविणें सोपें आहे. पण तसें केल्यानें प्रश्न सुटत नाहीं, तो फक्त आपल्यापासून दूर जाऊन दुसऱ्या कोणास विचारला जातो. तो दुसरा बहुधा गांजा विकणाराच असतो. म्हणून ह्या पाठांत आम्हीं हा विषय मुळापासून पाहण्याचें योजिलें आहे. वाचकांनीं तो घरीं मोठ्यानें वाचावा, व शेवटीं दिलेल्या प्रश्नांवर मुलांशीं बोलावें, अशी आमची विनंति आहे.

१. पदार्थ कोणता?

भांग, गांजा व चरस हीं तीन नांवें तीन झाडांचीं नव्हत. तीं एकाच झाडापासून होणाऱ्या पदार्थांचीं होत. पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो, आणि झाडाचा राळेसारखा चिकट रस काढून त्याचा चरस करितात. तिहींत अंमल आणणारें मुख्य द्रव्य एकच आहे. त्यास थोडक्यांत टीएचसी म्हणतात. १९६४ सालीं इस्राएल देशांत राफाएल मेखुलाम व येहिएल गाओनी ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें काढलें. साधारणपणें भांगेंत तें थोडें, गांजांत अधिक व चरसांत त्याहूनही अधिक असतें.

हें द्रव्य मेंदूंतील ज्या ठिकाणीं जाऊन चिकटतें, तीं ठिकाणें मुळांत आपल्या शरीराच्या स्वतःच्या एका द्रव्याकरितां आहेत. तें शरीरांतील द्रव्य १९९२ सालीं सांपडलें, आणि शोधकांनीं आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्यास 'आनंदामाइड' असें नांव दिलें. भूक, झोंप, स्मरण, भीति व वेदना ह्यांचा तोल राखण्याच्या कामीं तें उपयोगी पडतें. घरच्या कुलुपास परक्याची किल्ली लागावी व त्यानें वाटेल तेव्हां दार उघडावें, तसें बाहेरून घेतलेल्या टीएचसीनें होतें. जें काम शरीर बेताबेतानें करितें, तें तो एकाएकीं व बेसुमार करूं लागतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. अमेरिकेंत १९९५ च्या सुमारास जप्त झालेल्या गांजांत टीएचसीचें प्रमाण सरासरीनें शेंकडा ४ इतकें असे. आज कॅनडाच्या दुकानांत शेंकडा २० हून अधिक प्रमाणाचा माल सर्रास मिळतो. तेव्हां "आमचे आजोबा चिलीम ओढीत, त्यांस कांहीं झालें नाहीं," हा दाखला आजच्या मालास लागू पडत नाहीं. नांव जुनें, पण पदार्थ पुष्कळ बदलला आहे.

२. एक जुनी चौकशी

गांजास बंदी असावी कीं मोकळीक असावी, हा वाद आपल्या देशास नवा नाहीं. १८९३ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंडच्या पार्लमेंटांत हिंदुस्थानांतील गांजाविषयीं प्रश्न निघाला, आणि त्यावरून त्याच वर्षीं सरकारनें एक चौकशी मंडळ नेमिलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकीं तिघे हिंदी होते, व त्यांत कपुरथळ्याच्या राजघराण्यांतील कुंवर हरनामसिंग होते. हे स्वतः ख्रिस्ती झालेले गृहस्थ असून पुढें स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झालेल्या राजकुमारी अमृत कौर ह्यांचे वडील होत.

मंडळानें देशभर फिरून अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांत पुष्कळ रोग्यांपुढें 'कारण: गांजा' असें लिहिलेलें होतें. मंडळानें त्या नोंदी मुळापासून तपासल्या, तेव्हां त्यांतील बऱ्याच पुराव्यावांचून, केवळ ऐकीव गोष्टीवरून केलेल्या आढळल्या. १८९४ सालीं मंडळानें असा अभिप्राय दिला कीं, बेतानें घेणाऱ्यांस सहसा मोठा अपाय होत नाहीं, अति घेणाऱ्यांस होतो. आणि सर्वथा बंदी करण्याऐवजीं सरकारनें परवाना व कर ह्यांच्या योगें वचक ठेवावा.

मोकळीक मागणारे लोक ह्या अहवालाचा आधार वारंवार घेतात. तो अहवाल प्रामाणिकपणें तयार केलेला आहे, हें आम्हीं नाकारीत नाहीं. त्यापासून आपणांस एक धडाही मिळतो. तो असा कीं, व्यसनाविरुद्ध बोलतांना सुद्धां खोटी किंवा फुगविलेली साक्ष देऊं नये. "एकदां चिलीम ओढली कीं मनुष्य वेडा होतो," असें आपण मुलास सांगितलें, आणि त्यानें आपल्या सोबत्यास ओढून शहाणाच राहिलेला पाहिला, तर तो आपलें पुढचें खरें बोलणेंही ऐकणार नाहीं. परंतु तो अहवाल त्या काळच्या मालाविषयीं व बहुधा प्रौढ माणसांविषयीं होता. वाढत्या मुलाच्या मेंदूंत काय घडतें, हें पाहण्याचें साधन तेव्हां कोणाजवळच नव्हतें.

३. आज आपला कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणें गांजा व चरस बाळगणें, विकणें, नेणें व सेवन करणें हा भारतांत गुन्हा आहे. औषध व शास्त्रीय संशोधन ह्यांकरितां सरकारी परवान्यानें सवलत आहे. ह्या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. सुटीं पानें व बिया त्यांत मोडत नाहींत. म्हणून भांगेचा प्रश्न निरनिराळ्या राज्यांकडे राहिला आहे, आणि कांहीं राज्यांत तिचीं परवान्याचीं दुकानें आहेत. आपल्या महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यान्वयें परवान्यावांचून भांग करणें वा जवळ ठेवणें हाही गुन्हाच आहे. उत्तराखंडांत २०१८ पासून ज्या भांगेच्या शेतीस परवाने मिळूं लागले, ती ताग्याकरितां व बियांकरितां असून तिच्यांत टीएचसी शेंकडा ०.३ हून अधिक असूं नये असा नियम आहे. ती वार्ता ऐकून कोणी शेतकऱ्यानें गांजास परवानगी मिळाली असें समजूं नये.

शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणें ठरते. गांजा १ किलोपर्यंत असल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून अधिक असल्यास दहा वर्षांपर्यंत. आणि २० किलोंहून अधिक असल्यास दहा वर्षांहून कमी नाहीं अशी सक्तमजुरी, ती वीस वर्षांपर्यंतही जाऊं शकते. उंसांत किंवा तुरींत चार झाडें लपवून लावणाऱ्यासही दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितलेली आहे. "थोडेसें पैसे मिळतील, कोण पाहतो!" असें म्हणून शेताचा कोपरा दुसऱ्याच्या हवालीं करणाऱ्यानें हा आंकडा मनांत ठेवावा.

हाच कायदा एक दयेचें दारही उघडें ठेवितो, व तें फार थोड्यांस ठाऊक आहे. केवळ सेवनाचा, किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी मनुष्य जर आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेण्यास गेला, तर त्याजवरील खटल्यापासून त्यास संरक्षण मिळूं शकतें. उपचार अर्धा टाकून तो पळाला, तर तें संरक्षण काढून घेतां येतें. शिवाय १८ वर्षांखालील मूल सांपडल्यास तें साध्या फौजदारी कोर्टापुढें न जातां २०१५ च्या कायद्याप्रमाणें बाल न्याय मंडळापुढें जातें. त्याच कायद्यांत असेंही आहे कीं, जो कोणी मुलास अंमली पदार्थ देईल, किंवा त्याजकडून असा माल विकवील वा नेववील, त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड व्हावा.

४. कॅनडानें काय केलें?

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. कॅनडांत १९२३ पासून गांजास बंदी होती. ती असतांही तेथील तरुणांत गांजा फार पसरला. माल चोरट्या व्यापाऱ्यांच्या हातीं होता. तो मुलाचें वय विचारीत नसे, आणि मालांत काय मिसळलें आहे हेंही कोणास कळत नसे. उलट, थोडासा गांजा खिशांत सांपडलेल्या पोराच्या नांवापुढें गुन्ह्याची नोंद होई, व पुढें नोकरी मिळविण्यास किंवा परदेशीं जाण्यास ती आड येई. हें पाहून २०१८ सालीं तेथील पार्लमेंटानें नवा कायदा केला, व तो त्या वर्षीं १७ आक्टोबर रोजीं अंमलांत आला. उरुग्वेनंतर असें करणारा तो जगांतील दुसरा देश होय.

ह्या कायद्याचा एक उघड सांगितलेला हेतु असा कीं, गांजा तरुणांच्या हातीं पडूं नये. त्याच्या अटी पाहिल्या म्हणजे 'मोकळीक' ह्या शब्दाचा खरा अर्थ कळतो. विकत घेण्याचें वय बहुतेक प्रांतांत १९ आहे, आल्बर्टांत १८ आहे, आणि क्वेबेक प्रांतानें तें प्रथम १८ ठेवून २०२० च्या जानेवारीपासून २१ केलें. प्रौढ मनुष्यानें बाहेर ३० ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगावा, त्याहून अधिक नाहीं. मालाचें वेष्टन साधें असावें, त्यावर धोक्याची सूचना असावी, आणि तें लहान मुलास उघडतां येऊं नये. तरुणांस मोह पडेल अशी जाहिरात करूं नये. अल्पवयी मुलास जो विकील किंवा देईल, त्यास चौदा वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

वय किती असावें ह्याविषयीं तेथें मोठा वाद झाला. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघानें सांगितलें कीं, वय २१ असावें, आणि २५ वर्षांपर्यंत मालाचें प्रमाण व जोर ह्यांवरही मर्यादा असावी, कारण मेंदूची वाढ तोंपर्यंत चालूच असते. सरकारनें नेमिलेल्या समितीनें १८ वर्षें सुचविलीं. तिचें म्हणणें असें कीं, वय फार वर नेल्यास जे तरुण ओढतातच, ते पुन्हा चोरट्या विक्रेत्याकडे जातील. वाचकांनीं हें नीट पाहावें. भांडण वयाच्या आंकड्याविषयीं होतें. शाळेंतल्या मुलास गांजा चालेल, असें दोहों पक्षांपैकीं कोणीही म्हटलें नाहीं.

इतर देशांतही हेंच दिसतें. अमेरिकेंतील ज्या राज्यांनीं विक्रीस परवानगी दिली, त्यांनीं वय २१ ठरविलें. जर्मनीनें १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांस मर्यादित मोकळीक दिली. पण २१ वर्षांखालील सभासदांस गांजाच्या मंडळांतून महिन्यास ३० ग्रॅमपर्यंतच, व तोही शेंकडा १० हून अधिक टीएचसी नसलेलाच द्यावा असें बंधन घातलें. कोणी असेंही सांगतात कीं, संयुक्त राष्ट्रांनीं गांजा निर्दोष ठरविला. खरी गोष्ट अशी कीं, २ डिसेंबर २०२० रोजीं २७ विरुद्ध २५ मतांनीं तो सर्वांत कडक यादींतून काढण्यांत आला, व भारतानेंही त्या बाजूनें मत दिलें. तथापि तो नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या यादींत अद्याप आहेच.

५. फळ काय आलें?

झाडाची पारख फळावरून करावी, म्हणून ह्या कायद्याचीं बरीं व वाईट दोन्ही फळें सांगणें आम्हांस योग्य वाटतें. प्रथम बरीं. थोडासा गांजा बाळगल्याबद्दल होणारे खटले फार कमी झाले. जुन्या किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी विनामूल्य बाजूस ठेवितां याव्या म्हणून २०१९ सालीं निराळा कायदा झाला. बहुतेक ग्राहक आतां परवान्याच्या दुकानांतून माल घेतात. सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पाहणींत गांजा घेणारांचें प्रमाण कायद्याच्या आधीं व नंतर शेंकडा १८ च्या आसपासच राहिलें. एकाएकीं सगळीं मुलें व्यसनी होतील हें भय खरें ठरलें नाहीं.

आतां दुसरी बाजू. तरुणांच्या हातून गांजा काढून घेण्याचा जो हेतु होता, तोही साधला नाहीं. सरकारच्या वार्षिक पाहणींत १६ ते १९ वयाच्या ज्यांनीं उत्तरें दिलीं, त्यांपैकीं वर्षांत एकदां तरी गांजा घेतलेले २०१८ सालीं शेंकडा ३६ होते. पुढील वर्षांत हा आंकडा ३७ ते ४४ च्या दरम्यान राहिला. म्हणजे मुलांत वापर फारसा वाढला नाहीं, परंतु घटलाही नाहीं.

सर्वांत दुःखाची गोष्ट लहान बालकांची आहे. २०१९ च्या आक्टोबरांत गांजा घातलेले खाद्यपदार्थ कायदेशीर झाले. गोळी, चॉकलेट किंवा बिस्किट घरांत पडलेलें असलें, तर चार वर्षांच्या मुलास तें काय आहे हें कसें कळावें? ऑन्टारिओ प्रांतांत २०१६ च्या आरंभापासून २०२१ च्या मार्चपर्यंत दहा वर्षांखालील ५२२ मुलांस गांजाच्या विषबाधेकरितां इस्पितळाच्या तातडीच्या विभागांत न्यावें लागलें. सुदैवानें त्यांत मृत्यु झाला नाहीं. पण कायद्यापूर्वींच्या काळाशीं ताडून पाहतां, खाद्यपदार्थ निघाल्यानंतर अशा घटनांची मासिक सरासरी सुमारें नऊपट झाली. क्वेबेक प्रांतानें गांजाच्या मिठाईस व चॉकलेटास विक्रीची परवानगी दिली नव्हती; तेथें लहान मुलांस इस्पितळांत दाखल करण्याचें प्रमाण इतर प्रांतांइतकें वाढलें नाहीं. कायद्यांतील एका ओळीनें किती बालकें वांचतात किंवा सांपडतात, ह्याचा हा पुरावा आहे.

६. कुंपण मागून घातलें तर

कॅनडानें आधीं कुंपण घातलें व मग फाटक उघडलें. थायलंड देशानें ९ जून २०२२ रोजीं फाटक आधीं उघडलें. अंमली पदार्थांच्या यादींतून झाड काढलें, पण त्याच्या विक्रीचा पूर्ण कायदा तयार नव्हता. थोड्याच दिवसांत सरकारास घाईनें हुकूम काढावा लागला कीं, २० वर्षांखालील तरुणांस, गर्भवतींस व अंगावर पाजणाऱ्या मातांस गांजा विकूं नये. तोंवर रस्तोरस्तीं दुकानें झालीं होतीं. अखेर २०२५ च्या जून महिन्यांत तेथील सरकारानें नियम केला कीं, डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून गांजाचा फुलोरा विकूं नये. तीन वर्षांनंतर पाऊल मागें घ्यावें लागलें.

ह्या दूरच्या गोष्टीशीं आमचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध मुंबईच्या विमानतळावर दिसतो. २०२४ व २०२५ सालांत बॅंकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानांतून, मातीवांचून केवळ पाण्यावर वाढविलेला भारी किंमतीचा गांजा कस्टमच्या अधिकाऱ्यांनीं वारंवार पकडला. असा माल आणण्यास जो भुलतो, त्यास फुकट प्रवास, चार दिवसांची चैन व थोडे पैसे मिळतात. पेटी त्याची असते, माल दुसऱ्याचा असतो, आणि तुरुंग त्याचा असतो. आपलीं कांहीं मराठी मुलें शिक्षणाकरितां कॅनडासही गेलेलीं आहेत. त्यांच्या आईबापांनीं त्यांस लिहावें कीं, तेथें दुकानांत घेतलेला गांजा घेऊन त्या देशाची सीमा ओलांडणें हा कॅनडांतही गुन्हा आहे, व तो भारतांत आणणें हा येथेंही गुन्हा आहे. एका देशाची परवानगी दुसऱ्या देशाच्या दारांत चालत नाहीं.

७. तरुणासच विशेष भय कां?

मेंदूची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालते, आणि शेवटीं पक्का होतो तो पुढचा भाग, ज्याच्या योगें मनुष्य परिणामाचा विचार करितो व मोह आवरितो. भिंतीचा गिलावा ओला असतां त्यावर हात ठेविला तर ठसा राहतो. तोच वाळल्यावर तितका राहत नाहीं. पंधरा वर्षांचा मुलगा व पन्नास वर्षांचा मनुष्य ह्यांनीं एकच चिलीम ओढली, तरी दोघांची जोखीम एक नाहीं.

जे गांजा घेतात ते सर्वच त्याचे गुलाम होत नाहींत; पण लहान वयांत आरंभ करणाऱ्यांत असें होण्याचें प्रमाण अधिक असतें, व तें सुमारें सहांत एक असें सामान्यतः धरितात. अभ्यासांत लक्ष न लागणें, ऐकलेलें न आठवणें, कशांतच उत्साह न वाटणें हीं त्याचीं नेहमींचीं चिन्हें होत. मनाच्या आजाराविषयीं स्वीडन देशांत पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुण शिपायांची माहिती पंधरा वर्षें ठेविण्यांत आली होती. १९८७ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, ज्यांनीं पन्नासांहून अधिक वेळां गांजा घेतला होता, त्यांस स्किझोफ्रेनिया हा मनाचा गंभीर आजार होण्याचें प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतें. गांजा हेंच त्याचें एकमेव कारण, असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. आणि बहुतेकांस तो आजार झालाच नाहीं, हेंही खरें. परंतु ज्या घराण्यांत असा आजार पूर्वीं झाला आहे, त्या घरच्या मुलानें हा खेळ मुळींच खेळूं नये, असें डॉक्टर कळकळीनें सांगतात.

८. आपण काय करावें?

आपल्या देशांत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें सुमारें ३ कोटि १० लक्ष लोकांनीं वर्षभरांत भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांत १० ते १७ वयाचीं मुलें सुमारें २० लक्ष होतीं. हीं सारीं शहरांतलीं असतील, असें समजून खेड्यांतील आईबापांनीं निश्चिंत बसूं नये.

सरकारानें पुढें बंदी ठेवावी कीं मोकळीक द्यावी, ह्याविषयीं विचारी माणसांत मतभेद आहे, व तो पुढेंही राहील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कायद्यानें कोणताही मार्ग धरिला तरी मुलाच्या हातापर्यंत गांजा जाऊं न देण्याचें काम त्याच्या घराचें व गांवाचेंच राहतें. कॅनडांत कायदा मोकळा झाला तरी तें काम कमी झालें नाहीं, उलट तेथील आईबापांस कपाटास कुलूप लावावें लागलें. आपल्याकडे बंदी आहे म्हणून तें काम आपोआप होत नाहीं.

तर मग एखादा मुलगा गांजा ओढतांना आढळला, असें समजा. बाप काठी घेतो, आई शेजाऱ्यांपासून लपविते, आणि मंडळींतील माणसें त्याच्याकडे पाठ फिरवितात. तिन्हीं मार्गांनीं तो मुलगा त्याच पारावर जातो, जेथें त्यास कोणी बोलत नाहीं व चिलीम तेवढी मिळते. ह्याहून चांगला मार्ग असा. अंमल उतरल्यावर त्यास एकट्यास जवळ बसवावें. "कोणी दिला, केव्हांपासून घेतोस, न घेतल्यास काय होतें?" हें शांतपणें विचारावें, व उत्तर ऐकून घ्यावें. पुष्कळ मुलें कुतूहलानें किंवा सोबत्यांच्या आग्रहानें घेतात, व वेळीं बोलल्यास थांबतात. कांहीं मुलांच्या मागें दुःख असतें: नापास झाल्याची लाज, घरांतील भांडण, कामाचा अभाव. तें दुःख दूर केल्यावांचून नुसती चिलीम फोडून भागत नाहीं.

सवय जडली असल्यास जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांतील मनोविकार विभागांत न्यावें. व्यसनमुक्तीकरितां सरकारचा १४४४६ हा दूरध्वनि आहे, आणि मनाच्या त्रासाकरितां १४४१६ हा आहे. पुण्यास १९८६ सालीं डॉक्टर अनिता व अनिल अवचट ह्यांनीं सुरू केलेल्या 'मुक्तांगण' संस्थेंतून पुष्कळ माणसें सुधारून घरीं गेलीं आहेत. तेथें जाण्यांत लाज नाहीं. ताप आल्यास दवाखान्यांत जाण्यास आपण लाजत नाहीं. आणि जो कोणी गांवांतील मुलांस माल पुरवितो किंवा त्यांच्या हातून पोंचवितो, त्यास मात्र भीड धरूं नये; त्याची खबर पोलिसांस द्यावी. मुलास दया व विकणाऱ्यास कायदा, हा भेद ज्या गांवास कळला, तें गांव आपलीं मुलें राखील.

शेवटीं, रविवारच्या त्या मुलास उपदेशकानें असें उत्तर द्यावें: "बाळा, तूं ऐकलेंस तें खरें, पण अर्धें. कॅनडानें प्रौढास परवानगी दिली. तुझ्या वयाच्या मुलास गांजा देणाऱ्यास तेथें चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. ज्या देशांनीं दार उघडलें, त्यांनींही तुला आंत घेतलेलें नाहीं. कां घेतलें नाहीं, तें आपण बसून वाचूं."

विचार करण्याजोगे प्रश्न

१. भांग, गांजा व चरस ह्यांत कोणता भेद आहे, व कोणती गोष्ट समान आहे?
२. १८९४ च्या अहवालापासून व्यसनाविरुद्ध बोलणाऱ्यानें कोणता धडा घ्यावा?
३. कॅनडानें मोकळीक कां दिली? तिचें एक बरें व एक वाईट फळ सांगा.
४. विकत घेण्याचें वय १८ असावें कीं २१, ह्या वादांत दोन्ही पक्षांचें म्हणणें काय होतें? तुम्हांस कोणतें पटतें, व कां?
५. "ही पेटी तेवढी पोंचवून ये," असें कोणी तुम्हांस म्हटल्यास तुम्ही काय कराल?
६. तुमच्या गांवांत एखादा मुलगा गांजा ओढूं लागला आहे असें कळल्यास, त्याच्याशीं पहिल्यानें कोणी बोलावें, व काय बोलावें?